पिकाच्या पेशीतली वाहतूक : चालू राहिली तर पीक वाढतं, अडली तर खुंटतं

जोराच्या पावसाने सोयाबीनच्या रानात चार दिवस पाणी साचलं की पाला पिवळा पडतो. ऐन बोंडात आलेली कपाशी एका दिवसात मान टाकते. थंडीची लाट आली की केळीचा घड निसवताना अडकतो. मक्याचं कणीस वरून भरलेलं दिसतं, सोलल्यावर टोकाला दाणेच नसतात. ही चारही दुखणी शेतकऱ्यांच्या ओळखीची आहेत. त्यांच्यामागे एकच कारण नाही. पण चारहींचा संबंध एका गोष्टीशी येतो, ती म्हणजे झाडाच्या पेशीच्या आत सतत चालणारी हालचाल.

झाड जागेवर उभं दिसत असलं तरी त्याच्या प्रत्येक जिवंत पेशीत दिवसरात्र ने-आण चालू असते. ती कशी चालते, कशामुळे मंदावते आणि शेतकऱ्याच्या हातात त्यातलं काय आहे, याची ही माहिती.

पेशीत नेमकं काय हलतं?

पान, देठ, मूळ हे सगळं बारीक बारीक पेशींचं बनलेलं असतं. झाडाच्या पेशीला बाहेरून भिंत असते. आतली बरीचशी जागा पाण्याने भरलेल्या एका मोठ्या पिशवीने व्यापलेली असते, तिला रिक्तिका म्हणतात. ही पिशवी आणि भिंत यांच्यामध्ये दाटसर रसाचा पातळ थर असतो. तो पेशीद्रव. पानाला हिरवा रंग देणारी हरितलवकं, ऊर्जा तयार करणाऱ्या तंतुकणिका आणि भिंतीचा माल नेणाऱ्या इवल्या पिशव्या या रसात असतात.

हा रस एका जागी थांबत नाही. पाटाच्या पाण्यासारखा तो पेशीत फिरत राहतो. इटलीतले अभ्यासक बोनाव्हेंतुरा कोर्ती यांनी १७७४ मध्ये पाणवनस्पतीच्या पेशीत हे वाहणं पहिल्यांदा पाहून नोंदवलं. म्हणजे या शोधाला आता अडीचशे वर्षं होऊन गेली.

रस्ता, गाडी आणि इंधन

हे वाहणं आपोआप होत नाही. पेशीत ॲक्टिन नावाच्या प्रथिनाचे धागे असतात, त्यांना रस्ता समजा. त्या धाग्यांवरून मायोसिन नावाचं दुसरं प्रथिन पाऊल टाकल्यासारखं चालतं आणि सोबत माल ओढून नेतं. माल ओढला की आजूबाजूचा रसही त्याच्यामागे ओढला जातो आणि सगळा प्रवाह सुरू होतो.

ॲक्टिन आणि मायोसिन ही जोडी प्राण्यांच्या स्नायूंतही असते. बैल औत ओढतो तेव्हा त्याच्या स्नायूंत हीच दोन प्रथिनं राबत असतात. झाडातलं मायोसिन थोडं वेगळ्या घडणीचं असतं, एवढाच फरक.

मायोसिनला प्रत्येक पावलाला इंधन लागतं. त्याचं नाव एटीपी. झाड साखर जाळून ते तयार करतं आणि साखर नीट जाळायला प्राणवायू लागतो. हा मुद्दा पुढे कामाला येणार आहे.

ही वाहतूक कशाला लागते, असा प्रश्न पडेल. पाण्यात टाकलेली साखर न ढवळता आपोआप पसरते हे खरं. पण तिचा वेग फार कमी असतो. केसाच्या जाडीएवढं अंतर ती काही सेकंदांत कापते, एक सेंटीमीटर जायला मात्र तिला एक दिवसाहून जास्त वेळ लागतो. मोठ्या वस्तू तर अशा पसरतही नाहीत. हरितलवक किंवा मालाची पिशवी दाटीवाटीच्या रसातून आपोआप जागेवर पोचत नाही, तिला कुणीतरी न्यावंच लागतं.

जपानमधला प्रयोग : गाडी बदलली, झाडाचा आकार बदलला

वाहतुकीचा वेग वाढवला तर झाड मोठं होईल का? जपानच्या शास्त्रज्ञांनी हे करून पाहिलं आणि २०१३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. मोतोकी तोमिनागा, कोजी इतो आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं हे काम आहे.

प्रयोगासाठी त्यांनी अरॅबिडॉप्सिस हे मोहरीच्या कुळातलं छोटं रोप घेतलं. ते खाण्याचं पीक नाही. प्रयोगशाळेत लवकर वाढतं म्हणून जगभर वापरलं जातं. त्याच्या एका मायोसिनचा चालणारा भाग, म्हणजे गाडीचं इंजिन, त्यांनी बदललं. काही रोपांना वेगवान इंजिन दिलं, काहींना संथ.

वेगवान इंजिन कारा नावाच्या पाणवनस्पतीतून घेतलं. कारा गोड्या, संथ पाण्यात वाढते. तळी, डबकी, भातखाचरं अशा ठिकाणी ती सापडते. हाताला चुन्यासारखी खरखरीत लागते आणि चुरगळली की लसणासारखा उग्र वास येतो. तिची एकेक पेशी काही सेंटीमीटर लांब असते. एवढ्या लांब पेशीत माल पोचवायचा तर वेग हवाच. काराच्या पेशीत रस सेकंदाला सुमारे ७० मायक्रॉन वाहतो. एका मिलिमीटरचे हजार भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे मायक्रॉन. या हिशेबाने तो रस तासाला साधारण २५ सेंटीमीटर जातो. शेतातल्या सर्वसाधारण झाडांच्या पेशीत हा वेग सेकंदाला काही मायक्रॉन एवढाच असतो.

संथ इंजिन माणसाच्या शरीरातल्या एका मायोसिनचं बसवलं.

वेगवान इंजिनाची रोपं नेहमीपेक्षा मोठी झाली, त्यांच्या पेशीही मोठ्या झाल्या. संथ इंजिनाची रोपं लहान राहिली. खत, माती, पाणी सारखंच होतं. फरक फक्त पेशीतल्या वेगाचा होता.

पुढे २०२० मध्ये असाच बदल कॅमेलिना या मोहरीच्या नात्यातल्या तेलबियांच्या पिकात करण्यात आला. तिथे वाढ तर जोमदार झालीच, बियांचं उत्पादनही वाढलं. २०२२ मध्ये जपानच्याच शास्त्रज्ञांनी काराच्या दुसऱ्या एका जातीत आणखी वेगवान मायोसिन सापडल्याचं जाहीर केलं.

अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी याच्या उलट प्रयोग केले. रोपातली मायोसिनची काही जनुकं बंद केली, तर रोपं खुजी राहिली आणि मुळांवरचे बारीक केस आखूड झाले. हे केस म्हणजे मुळाचं तोंडच. पाणी आणि स्फुरद शोषण्यात त्यांचा मोठा वाटा असतो. प्रत्येक केस ही एकच लांबलेली पेशी असते आणि ती फक्त टोकाला वाढते. टोकापर्यंत माल पोचला नाही की वाढ तिथेच थांबते.

वाफ्यातून ओढून काढलेलं रोप लावल्यावर दोन-चार दिवस सुकल्यासारखं दिसतं, त्याचंही एक कारण हेच केस. उपटताना ते तुटतात आणि नवे येईपर्यंत रोपाला पाणी कमी पडतं. वाफा आधी भिजवून रोपं अलगद काढली, किंवा कोकोपीटच्या ट्रेमधलं रोप गड्ड्यासकट लावलं, तर मुळांची मोडतोड कमी होते.

मग असं बियाणं मिळतं का?

नाही. वरचे प्रयोग जनुक बदलून केलेले आहेत. सोयाबीन, कापूस, भात किंवा ऊस यांचं असं वेगवान वाहतुकीचं बियाणं बाजारात आलेलं नाही. भारतात जनुक बदललेल्या पिकांपैकी व्यापारी लागवड होते ती फक्त बीटी कापसाची, तीही २००२ पासून.

यात शेतकऱ्यांनी एक गोष्ट नीट समजून घ्यावी. प्रयोगातला वेग बियाण्यातलं जनुक बदलल्यामुळे वाढला, फवारणीने नाही. त्यामुळे ‘पेशींचा वेग वाढवणारं जपानी तंत्रज्ञान’ असं सांगून कुणी टॉनिकची बाटली पुढे केली, तर तिचा या प्रयोगांशी संबंध नाही, हे लक्षात ठेवावं. जैव उत्तेजकं २०२१ पासून खत नियंत्रण आदेशाखाली आणलेली आहेत. बाटलीवर काय घटक लिहिलेत ते वाचावं, कोणत्या पिकासाठी आहे ते विचारावं आणि पक्की पावती घ्यावी. विक्रेता पावती द्यायला कचरत असेल तर माल घेऊ नये.

दुसरी गोष्ट. झाड मोठं म्हणजे उत्पन्न जास्त, असं प्रत्येक वेळी होत नाही. सोयाबीन माजलं की पालाच वाढतो आणि शेंगा कमी लागतात, हे शेतकऱ्यांनी बघितलेलं आहे. १९६० च्या दशकात गव्हाचं उत्पादन वाढलं ते बुटक्या वाणांमुळे. ते खत सोसून न लोळता उभे राहत आणि ताकद काडीऐवजी दाण्यात जाई. म्हणून पेशीतला वेग वाढवल्यावर तो दाण्यात उतरतो की पाल्यात, हे प्रत्येक पिकात वेगळं तपासावं लागेल.

पाणी साचलं की इंधन संपतं

पेशीतली वाहतूक एटीपीवर चालते हे वर आलं आहे. मुळाला प्राणवायू मिळत असेल तर साखरेच्या एका कणापासून तिसेक एटीपी तयार होतात. प्राणवायू तुटला तर त्याच कणातून फक्त दोन मिळतात. म्हणजे घरात साखर असूनही चूल पेटत नाही, अशी मुळाची अवस्था होते.

काळ्या रानात पाणी साचलं की मातीच्या पोकळीतली हवा निघून जाते आणि तिथे पाणी भरतं. पाण्यातून प्राणवायू फार हळू सरकतो. मुळाच्या पेशीतली वाहतूक मंदावते, अन्नद्रव्यं आत ओढून घेणं मंदावतं आणि मूळ पाणीसुद्धा नीट उचलत नाही. त्यामुळे पायाशी पाणी असूनही झाड सुकतं. कपाशीतली आकस्मिक मर अशीच येते. पावसाचा मोठा खंड पडतो, जमीन तापते आणि मग एकदम जोराचा पाऊस होतो किंवा भरपूर पाणी दिलं जातं. बोंडांनी लदलेलं झाड काही तासांत मलूल होतं. ही मर बुरशीमुळे येत नाही.

अशा वेळी पहिलं काम म्हणजे पाणी बाहेर काढणं. चर खोदून साचलेलं पाणी काढावं, वाफसा येताच हलकी कोळपणी किंवा खुरपणी करून माती मोकळी करावी. आळवणी करायची असेल तर औषध आणि त्याचं प्रमाण कृषी सहायकाला किंवा कृषी विज्ञान केंद्राला विचारूनच ठरवावं. पाणी काढण्याआधी टाकलेलं खत बहुतेक वाया जातं, कारण ते आत घ्यायला मुळात ताकद नसते.

पुढच्या हंगामासाठी सोयाबीन, तूर, हरभरा ही पिकं रुंद वरंबा-सरी पद्धतीने पेरणं भारी जमिनीत फायद्याचं ठरतं. जादा पाणी सरीतून निघून जातं आणि मूळ वरंब्यावर हवेत राहतं. आपले जुने लोक वाफसा आल्याशिवाय रानात पाय टाकू नका म्हणायचे. वाफसा म्हणजे मातीत ओल आणि हवा दोन्ही हजर असण्याची स्थिती. पेशीच्या हिशेबाने बघितलं तरी मुळाला हवी असते ती हीच स्थिती.

थंडीत प्रवाह गोठल्यासारखा होतो

पेशीतला प्रवाह तापमानावरही अवलंबून असतो. १९५६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वेगवेगळ्या झाडांच्या देठावरच्या लवेतला प्रवाह थंडीत तपासला गेला. टोमॅटो, कलिंगड, तंबाखू, रताळं यांसारख्या उष्ण भागातल्या पिकांत तो १० अंश सेल्सिअसला काही मिनिटांतच थांबला किंवा थांबल्यासारखा झाला. मुळा, गाजर यांसारख्या थंडी सोसणाऱ्या पिकांत तो त्याहून बऱ्याच कमी तापमानातही चालू राहिला. एक पीक थंडीत खुशाल वाढतं आणि शेजारचं आखडतं, त्याची एक झलक इथे दिसते.

केळी हे उष्ण भागातलं पीक आहे. जळगाव भागात डिसेंबर-जानेवारीत पारा १० अंशांच्या खाली उतरला की केळीची पानं जवळजवळ येतात, वाढ थांबते आणि घड नीट निसवत नाही. तोडलेली केळीसुद्धा साधारण १३ अंशांखाली ठेवली तर साल काळपट पडते. म्हणूनच केळीचं शीतगृह भाजीच्या शीतगृहाएवढं थंड ठेवत नाहीत.

थंडीची लाट येणार असं कळलं तर बागेला रात्री किंवा पहाटे विहिरीचं पाणी द्यावं, ते हवेपेक्षा उबदार असतं. बांधावर ओलसर काडीकचऱ्याचा धूर करावा, घड झाकून घ्यावेत. वाऱ्याच्या बाजूला शेवरी किंवा उंच गवताची दाट ओळ असेल तर थंड वाऱ्याचा मार कमी बसतो. ती ओळ आधी लावलेली असावी लागते, लाट आल्यावर इलाज नाही.

फुलापासून दाण्यापर्यंतचा प्रवास

पेशीतली वाहतूक सर्वांत धावपळीची असते ती परागकणात. मक्याच्या तुऱ्यातून परागकण उडतो आणि कणसाच्या रेशमी केसावर पडतो. तिथे तो रुजतो आणि त्यातून एक नळी निघते. ही परागनलिका केसाच्या आतून दाण्याच्या जागेपर्यंत जाते. कण मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा, आणि केसाची लांबी कित्येकदा वीतभर. हे अंतर ती नळी साधारण एका दिवसात कापते.

नळी फक्त टोकाला वाढते. भिंत बांधायचा माल मायोसिनच्या गाड्यांवरून सारखा टोकाकडे पोचत असतो. नर पेशीही याच नळीतून पुढे जातात. प्रत्येक केसाला एक दाणा असा हिशेब आहे. ज्या केसात नळी शेवटपर्यंत पोचली नाही, तिथे दाणा भरत नाही. फुलोऱ्याच्या वेळी पाण्याचा ताण पडला तर केस उशिरा निघतात किंवा वाळतात आणि कणसाचं टोक रिकामं राहतं. म्हणून मक्याला तुरा आणि केस निघताना पाणी चुकवू नये.

भातात फुलोऱ्याच्या वेळी तापमान ३५ अंशांच्या वर गेलं तर परागकण नीट सुटत आणि रुजत नाहीत, दाणे पोचट राहतात. हरभऱ्यात उलट होतं. दिवसरात्रीचं सरासरी तापमान १५ अंशांच्या खाली गेलं तर फुलं येतात पण घाटे धरत नाहीत. तेव्हा औषधांवर खर्च करण्याआधी थंडी ओसरायची वाट बघावी. ऊब आली की पुढच्या फुलांना घाटे लागतात.

परागनलिकेची भिंत नीट बांधली जायला कॅल्शियम आणि बोरॉन लागतं. पण बोरॉनची गरज अगदी थोडी असते आणि जास्त झालं तर ते पिकाला मारतं. माती तपासून कमतरता दिसली तरच द्यावं.

उन्हाप्रमाणे जागा बदलणारी हरितलवकं

पानातली हरितलवकंही जागा बदलतात. ऊन कमी असेल तर ती पेशीच्या वरच्या अंगाला पसरतात आणि मिळेल तेवढा उजेड गोळा करतात. कडक ऊन पडलं की ती बाजूच्या भिंतींकडे सरकतात आणि एकमेकांच्या सावलीला उभी राहतात. २००२ मध्ये जपानच्या शास्त्रज्ञांनी दाखवलं की ज्या रोपांना असं सरकता येत नाही, त्यांची पानं तीव्र उजेडात करपतात.

ही झाली घटकाभरात होणारी सोय. सावलीत वाढलेल्या पानाला पूर्ण ऊन सोसायला इतरही बदल करावे लागतात आणि त्यांना काही दिवस लागतात. शेडनेटमधलं रोप थेट उन्हात लावलं की करपतं ते यामुळे. लावणीआधी आठवडाभर रोपांना थोडं थोडं ऊन दाखवावं आणि लावणी दुपार टळल्यावर करावी.

तणनाशकातही हेच विज्ञान

पेशी दुभंगताना आतले गुणसूत्रांचे जोड दोन बाजूंना ओढले जातात. त्यासाठी पेशीत वेगळ्या नळीदार धाग्यांची रचना असते. सोयाबीन आणि कांद्यात वापरलं जाणारं पेंडीमेथालिन हे धागे बनू देत नाही. त्यामुळे उगवत्या तणाच्या मुळाची आणि कोंबाची वाढ थांबते. ते पेरणीनंतर लगेच, तण उगवायच्या आधी का मारायचं, याचं उत्तर यात आहे. वाढलेल्या तणावर त्याचा विशेष परिणाम होत नाही.

कळलावीच्या कंदात आणि बियांत असलेलं कोल्चिसिन हे विषही याच धाग्यांवर काम करतं. बिनबियांच्या कलिंगडाचं बियाणं तयार करताना गुणसूत्रं दुप्पट करायला कोल्चिसिन वापरलं जातं.

शाळेत बघता येईल

हे वाहणं डोळ्यांनी पाहता येतं. विहिरीत किंवा तळ्यात वाढणाऱ्या हायड्रिलाचं एक कोवळं पान पाण्याच्या थेंबात ठेवून शाळेच्या सूक्ष्मदर्शकातून चारशेपट मोठं करून बघावं. थोडा वेळ उजेडात ठेवलं की हिरवे ठिपके पेशीच्या कडेने फिरताना दिसतात. भोपळ्याच्या देठावरच्या लवेतही बारीक कण धावताना दिसतात.

थोडक्यात लक्षात ठेवायचं

• पेशीतल्या वाहतुकीला साखर, प्राणवायू आणि योग्य तापमान लागतं. यातलं एकही तुटलं तर खत असूनही पीक उपाशी राहतं.
• पाणी साचलं तर आधी निचरा, मग वाफसा, त्यानंतर खत किंवा आळवणी.
• उष्ण भागातल्या पिकांना १० अंशांच्या आसपासची थंडी बाधते. हवामानाचा अंदाज बघून पाणी आणि धुराची तयारी ठेवावी.
• फुलोऱ्यात पाण्याचा ताण पडू देऊ नये. बोरॉन माती तपासूनच द्यावं.
• रोपाची मुळं जपावीत आणि सावलीतलं रोप उन्हाला सरावल्यावरच लावावं.
• पेशीचा वेग वाढवण्याचे प्रयोग जनुकांवरचे आहेत. त्या नावाने बाटली विकली जात असेल तर पैसे देण्याआधी तालुका कृषी कार्यालयात चौकशी करावी.